पाय न वळवता

ते गृहस्थ दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत अगदी नीट चालत आले आणि तिथे थांबले. थांबले म्हणजे, कुणी बुटांतून खिळे ठोकावेत तसे थांबले. अंग पुढे यायला निघालं होतं, एक हात चौकटीवर गेला होता, पण पाय जागचे हलेनात. मी गिऱ्हाइकांचे ओले गमबूट पुसत होते. "आइये, आइये," म्हटलं, तरी ते माझ्याकडे न बघता स्वतःच्या पायांकडेच बघत राहिले. ते पाय दुसऱ्या कुणाचे असावेत आणि आता हे काय करतात ते बघावं, असं ते बघणं होतं.

तेवढ्यात त्यांच्या मागून एक तिशीची बाई पुढे झाली. तिने आपला उजवा पाय त्यांच्या पायांसमोर आडवा टाकला. मला वाटलं, आता हे तोंडावर पडणार. पण वाटेत पडलेला झाडू ओलांडावा तसा त्यांनी तिचा पाय ओलांडला आणि सरळ आत आले. आत आल्यावर चाल पुन्हा बरी. पावलं जरा लहान, एवढंच.

"बाबा, टोपी," ती म्हणाली.

मराठी ऐकून माझ्या हातातला गमबूट खाली पडला. औलीला मराठी पर्यटक येत नाहीत असं नाही, पण ते घोळक्याने येतात आणि दहा पावलांवरून ऐकू येतात.

मी मूळची भोरची, मृदुला शेलार. गढवालमध्ये गिर्यारोहणाच्या कोर्सला म्हणून गेले, मग स्कीइंग शिकले, मग शिकवण्याइतकं शिकले आणि बर्फ सोडवेना. हिवाळाभर भूपेंद्रजी पंवारांच्या दुकानात स्की, बूट भाड्याने द्यायचे आणि नवशिक्यांना उतारावर उभं राहायला शिकवायचं, असं माझं चाललं होतं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली.

"तुम्ही मराठी?" गृहस्थांनी विचारलं. त्यांचं नाव विद्याधर सबनीस, नाशिकचे. बरोबर मुलगी, केतकी. तिला दोघांसाठी गमबूट हवे होते. बर्फात थोडं चालायचं, फोटो काढायचे, चहा प्यायचा आणि परत. मी माप विचारत होते आणि सबनीसकाका माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होते.

भिंतीवर एक जोडी टांगलेली असायची, लाल-काळी. मागे कधीतरी स्पर्धेसाठी आलेला एक परदेशी प्रशिक्षक जाताना ती भूपेंद्रजींना देऊन गेला होता. दुकानातल्या बाकीच्या स्की शिकाऊ लोकांच्या. मऊ, हलक्या, कशाही चालवल्या तरी निभावून नेणाऱ्या. ही जोडी वेगळी होती. कमरेत बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, डमरू धरून लांब ताणावं तशी. आत लाकडाचे आणि धातूचे थर, त्यामुळे भलती कडक. सावकाश चालवली तर फळीसारखी आडमुठी. पण वेगात असताना एका कडेवर कलती केली की वाकायची आणि आपण होऊन वळायची. भुसभुशीत बर्फात तिचा काही उपयोग नव्हता. मशीनने दाबून सपाट केलेला, कडक उतार मिळाला तरच तिची गंमत. ती कुणाला द्यायची नाही, असं भूपेंद्रजींनी बजावून ठेवलं होतं. सकाळी पर्यटक यायच्या आधी मी ती चालवायचे आणि तिच्या कडांना धारही मीच लावायचे.

"ती जोडी जरा काढतेस खाली?" काका म्हणाले. 'तुम्ही'वरून 'तू'वर ते कधी आले, ते त्यांनाही कळलं नसावं.

"ती भाड्याची नाही, काका."

"भाड्याने नाही मागत. बघू तर दे."

मी काढून दिली. त्यांनी एक स्की डोळ्याशी धरली, एक डोळा मिटून तळावरून नजर टाकली. मग अंगठ्याचं नख कडेवर आडवं फिरवलं. नखाची पांढरी भुकटी कडेवर राहिली. ते समाधानाने हसले.

"धार कुणी लावली?"

"मी."

"टोकाला बोथट ठेवलीस."

"टोकाला धार असली की बर्फ फार लवकर पकडते. मला ते आवडत नाही."

"म्हणजे तू वळण उशिरा सुरू करतेस."

ते खरं होतं. पण दारात पाय न उचलणाऱ्या माणसाने हे मला सांगावं, याचा मेळ काही केल्या लागेना.

"बाबा," केतकी म्हणाली, "आपण फक्त बघायला आलोय. ठरलंय आपलं."

"बघतोच आहे की."

जाताना दारात पुन्हा तेच. पुन्हा तिचा आडवा पाय, पुन्हा त्यांनी तो ओलांडणं. दोघांना त्याची इतकी सवय की बोलणंसुद्धा थांबलं नाही. मी मात्र दिवसभर तेच कोडं घोळवत बसले. गुडघे म्हणावे तर ते लंगडत नव्हते. नजर म्हणावी तर नखाची भुकटी त्यांना दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, तेव्हा उतारावरून मशीन नुकतंच फिरून गेलं होतं. रात्रभर गारठलेल्या बर्फावर त्याने वरपासून खालपर्यंत बारीक पट्टे उमटवले होते. हॉटेलची जीप दारात थांबली आणि काका उतरले. एकटेच. ड्रायव्हरने एक जड पिशवी आणून काउंटरवर ठेवली आणि गेला.

काका उंबऱ्यापाशी येऊन थांबले.

"मृदुला, काहीतरी आडवं टाक ना इथे," ते अगदी सहज म्हणाले. "काठीसुद्धा चालेल."

मी स्कीची काठी उंबऱ्यापाशी आडवी ठेवली. ती ओलांडून ते आत आले.

"काका, हे काय आहे?"

"दारांशी माझं पटत नाही."

पिशवीतून त्यांनी बूट काढले. स्कीचे स्वतःचे बूट, जुने पण राखलेले, आतलं अस्तर नवं घातलेलं. असे कडक बूट मी फक्त स्पर्धकांच्या पायात पाहिले होते.

"केतकीला सांगितलंय, पिशवीत पुस्तकं आहेत. नाशिकपासून तीच उचलतेय बिचारी." ते हसले, मग भिंतीकडे बोट केलं. "ती दे. आत्ता बर्फ चांगला आहे. ऊन वर आलं की गेला."

मी नाही म्हटलं. भूपेंद्रजी जोशीमठला गेले होते, दुकान माझ्यावर होतं. या माणसाला काही झालं तर जबाबदारी माझी, आणि पुन्हा मला उतारावर कुणी शिकवू दिलं नसतं. हे सगळं मी त्यांना सरळ सांगितलं. शेवटी म्हटलं, "आधी शिकाऊ जोडीवर छोट्या उतारावर चालवून दाखवा. मग बघू."

"त्याने काय होणार, मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण चल. तुझं समाधान आधी."

दुकानाच्या मागेच नवशिक्यांचा उतार होता. त्यावर लहान मुलंही आरामात घसरतात. मी त्यांना मऊ स्की लावून दिली. पहिला धडा सगळ्यांना असतो तोच सांगितला. पुढची टोकं जवळ ठेवायची, टाचा बाहेर फेकायच्या, म्हणजे वेग कमी होतो.

ते निघाले आणि टाचा काही बाहेर जाईनात. वरच्या अंगाने ते जोर करत होते, खांदे फिरत होते, पण पाय दोन रुळांसारखे सरळ. सरळच खाली गेले आणि सपाटीवर कुशीवर आडवे झाले. मी धावत जाऊन उठवलं. उभे राहिले आणि पुन्हा अडकले. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. आता प्रश्नच मिटला.

काका मात्र बर्फ झटकत शांतपणे म्हणाले, "बघितलंस? ह्या स्कीवर पाय वळवावे लागतात. माझे पाय वळत नाहीत. दारातही नाहीत आणि इथेही नाहीत. तुझ्या त्या जोडीवर पाय वळवावे लागतात का?"

नाही लागत. तीच तर त्या जोडीची खुबी. पाय जसेच्या तसे ठेवायचे आणि फक्त कलायचं. वळायचं काम स्कीचा आकार करतो. उलट पाय वळवायला गेलं, तर ती निसटते आणि आपटते.

मी हे सगळं नवशिक्यांना इतक्यांदा सांगितलं होतं. सोपी ती आधी, कठीण ती नंतर. पण ज्याच्या पायांना वळायचा निरोपच पोचत नाही, त्याच्या दृष्टीने सोपी कोणती आणि कठीण कोणती, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

"पण त्या जोडीला वेग लागतो, काका."

"लागतो."

"बाबा!"

केतकी खालून चढत येत होती. पायात गमबूट, अंगावर शाल, केसांना कंगवाही लागलेला नव्हता. जवळ आली ती माझ्यावरच तुटून पडली.

"तुम्हाला काही कळतं का? कुणालाही स्की बांधता? त्यांना पार्किन्सन्स आहे. कंपवात!"

"त्यांचे हात तर कापत नाहीत," मी म्हटलं.

"सगळ्यांचे कापत नाहीत. ह्यांचे पाय अडकतात. दारात, गर्दीत, वळताना. मागच्या पावसाळ्यात बाथरूमच्या दारात पडले आणि मनगट मोडलं. मी बंगळूरची नोकरी सोडून घरी आले ती काय ह्यासाठी? घरात दारोदारी मी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्यात, त्या ओलांडून चालतात ते. आणि इथे..."

काका म्हणाले, "केतू, वळताना पाय अडकतात, बरोबर. पण ती जी भिंतीवरची जोडी आहे ना, तिच्यावर मला पाय वळवायचेच नाहीत."

"मग काय करायचंय?"

"कलायचंय. कलणं मला अजून उत्तम येतं. खुर्चीत बसल्या बसल्या कलतो मी. तूच तर उशी लावतेस."

तिला हसू आलं नाही. ती माझ्याकडे वळली. "हे खरं बोलतायत?"

"स्कीबद्दल खरं आहे. काकांबद्दल मला माहीत नाही."

"माहीत नसताना वर नेणार तुम्ही त्यांना?"

खरं तर इथे मी नाही म्हणायला हवं होतं. त्यांची मुलगी समोर उभी होती, ती नको म्हणत होती, विषय तिथेच संपत होता. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मला बघायचंय."

काही भलं उत्तर नव्हतं ते. केतकी माझ्याकडे बघत राहिली. मग काय झालं कुणास ठाऊक, तिचा राग जरा खाली बसला. कदाचित तिच्या वडिलांकडे बघून कुणी उसासा टाकला नव्हता, अशी ती बऱ्याच दिवसांतली पहिली वेळ असेल.

"गोळी कधी घेतलीत?" तिने वडिलांना विचारलं.

"निघताना. आता चढेल."

"म्हणजे सगळं ठरवून." तिने शाल घट्ट ओढली. "वरून नाही. अर्ध्यावरून. आणि मी खाली उभी राहणार, जिथून सगळं दिसतं तिथे."

मी भिंतीवरची जोडी काढली आणि काकांना हेल्मेट दिलं. त्यांचं वजन विचारून स्कीच्या पकडी सैल केल्या, पडलेच तर बूट लगेच सुटावेत म्हणून. मग आम्ही खुर्चीच्या लिफ्टशी गेलो. खुर्ची मागून येते, तेव्हा दोन पावलं पुढे सरकून बसायचं असतं. तिथे काका अडकणार हे मला आता कळत होतं. लिफ्ट चालवणाऱ्या खिमानंदजींना मी हात केला, त्यांनी लिफ्ट थांबवली, कपाळाला आठ्या घालून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि आम्ही नीट बसल्यावर पुन्हा सुरू केली.

खुर्ची देवदारांच्या शेंड्यांवरून चालली. काकांचा चेहरा तसा भावहीन असायचा, त्या आजारात तसा होतो हे मला नंतर कळलं. पण त्यांचे डोळे खाली पट्ट्यापट्ट्यांच्या उतारावर फिरत होते.

"कुठे शिकलात?" मी विचारलं.

"फ्रान्समध्ये. टर्बाइनच्या कंपनीत होतो, बरीच वर्षं. शुक्रवारी काम संपलं की डोंगर. सुरुवातीला लांब सरळ स्की होत्या, तेव्हा पायच वळवावे लागायचे. मग ही अशी कमरेत बारीक निघाली. पहिल्यांदा चालवली तेव्हा मी हसत सुटलो होतो. इंजिनियरला हसू येईल अशी वस्तू आहे ती. काम आकार करतो, आपण फक्त सांगायचं."

"केतकीला नाही शिकवलंत?"

"ती आणि तिची आई नाशिकला. आईची नोकरी, हिची शाळा. दर हिवाळ्यात म्हणायचो, पुढच्या वर्षी आणू." त्यांनी काठ्या मांडीवर नीट केल्या. "मीच जायचो, वर्षातून एकदा. चॉकलेटं घेऊन."

आम्ही अर्ध्यावरच्या फलाटावर पोचलो, तशी खालून खिमानंदजींनी लिफ्ट पुन्हा थांबवली. आम्ही उतरलो. उतार पुढे पसरला होता, कोरा, एकही रेघ नसलेला. खूप खाली केतकीची शाल दिसत होती. लिंबाएवढी.

"मी पुढे राहते," मी म्हटलं.

"नको. पुढे कुणी असलं की मी त्याच्याकडेच बघतो. मागून ये."

त्यांनी स्की उताराला आडव्या ठेवल्या होत्या. उभे राहिले आणि अडकले. दाराशी जसे अडकत तसेच. मी काठी आडवी टाकायला वाकले, तर म्हणाले, "राहू दे. इथे पहिलं पाऊल मला टाकावं लागत नाही." आणि गुडघे किंचित खाली घेऊन त्यांनी अंग दरीच्या बाजूला सोडलं.

स्की सरकल्या. आधी सावकाश, तिरक्या. पहिलं वळण वाईट होतं, मला कबूल करायला हवं. वेग कमी पडला, स्की फळीसारखी राहिली, आतला हात बर्फाला घासला. त्यांनी सावरायला पाय झाडले नाहीत, कारण ते त्यांना शक्यच नव्हतं. ते तसेच थांबले, स्की आणखी थोडी खाली धावू दिली, वेग येऊ दिला. मग दुसऱ्या बाजूला कलले.

आणि स्की वाकली.

मी ती जोडी दोन हिवाळे चालवत होते. तिचा आवाज मला पाठ होता असं मला वाटायचं. पण माझ्या पायाखाली ती खरवडायची, मधूनच बर्फाचा फवारा उडवायची. त्यांच्या पायाखाली फवारा नव्हता. नवं कापड सरळ फाडताना येतो तसा एक बारीक, अखंड आवाज. मागे बर्फावर दोन रेघा उमटत होत्या, पेन्सिलीने ओढाव्यात इतक्या बारीक, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. डावीकडे मोठं अर्धगोल, मग उजवीकडे. अंग इतकं कललेलं, की कोपर बर्फाला टेकेल. पाय मात्र शांत. ते पाय काहीच करत नव्हते. ज्या पायांना उंबरा ओलांडता येत नव्हता, ते काहीही न करता डोंगर उतरत होते.

मला त्यांना गाठता येईना. मी वेग घेतला, तरी अंतर वाढतच होतं. चौथ्या की पाचव्या वळणाला, केतकीची शाल मोठी दिसायला लागली तेव्हा, माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला.

हे थांबणार कसे?

स्कीवर थांबायचं म्हणजे दोन्ही पाय एका झटक्यात आडवे वळवायचे. आम्ही सगळे तसंच थांबतो. मी त्यांना कलण्याबद्दल विचारलं, वेगाबद्दल विचारलं, पकडी सैल केल्या, हेल्मेट घातलं. थांबण्याबद्दल विचारलंच नव्हतं. खाली सपाटी थोडीच होती, तिच्यापुढे चहाच्या टपऱ्या, लाकडी कठडा, आणि त्याच्या अलीकडे केतकी.

"काका! थांबा! काका!" मी ओरडले. ऐकू जाणं शक्य नव्हतं.

ते सरळ तिच्या दिशेने चालले होते. केतकी जागची हलली नाही. तिने दोन्ही हात पुढे केले, धडपडणाऱ्या मुलाला धरायला करावेत तसे. मी पाहिलं, तिचं तोंड उघडं होतं, पण ओरडणं काही मला ऐकू आलं नाही.

तिच्यापासून बऱ्याच वर त्यांनी शेवटचं वळण घेतलं. उजवीकडे कलले आणि सरळ झालेच नाहीत. इतर वळणं अर्ध्यात सोडून ते दुसऱ्या बाजूला जात होते. हे त्यांनी सोडलं नाही. कलले, कललेलेच राहिले. रेघ वाकत गेली, आडवी झाली, मग चक्क वर चढायला लागली. स्की त्यांना घेऊन डोंगराला पाठ करून नाही, डोंगराकडे तोंड करून वर निघाली. वेग ओसरला, आणखी ओसरला, आणि जिथे संपला तिथे ते उभे राहिले. एखादा झोका वर जाऊन क्षणभर थांबतो ना, तसे. फक्त परत मागे आले नाहीत. काठ्या रोवल्या आणि उभे राहिले.

मी धापा टाकत पोचले. ते हसत होते. त्या कोऱ्या चेहऱ्यावर हसू जरा उशिरा आणि अर्धंच उमटायचं, पण होतं.

"तुला वाटलं, मला थांबता येणार नाही," ते म्हणाले.

"हो, वाटलं होतं," मी म्हटलं.

केतकी गमबुटांतून घसरत, हात टेकत वर चढत आली. जवळ येऊन आधी तिने त्यांची मनगटं चाचपली, मग गुडघे. मग वर उताराकडे पाहिलं. त्या दोन रेघा खालपासून वरपर्यंत स्वच्छ दिसत होत्या.

"हे तुम्ही काढलंत?" तिने विचारलं.

"मग कुणी?"

ती पुढे झाली. त्यांच्या हेल्मेटचा पट्टा सोडवायला गेली आणि तिला तो सोडवता येईना. तो मी सोडवला.

मग त्यांना टपरीपर्यंत आणून बाकावर बसवलं. केतकी चहा आणायला गेली, तेव्हा मी म्हटलं, "त्या हॉटेलवाल्याने तुमची चुगली केली वाटतं. नाहीतर केतकीताई इतक्या लवकर आल्याच नसत्या."

"चुगली कसली? मीच सांगून आलो होतो. मी गेल्यावर थोड्या वेळाने तिला उठवा, म्हणावं लवकर जा."

"म्हणजे? मग बूट लपवून आणायचे, पुस्तकं आहेत म्हणून सांगायचं..."

"आधी विचारलं असतं तर नको म्हणाली असती. आणि नंतर सांगितलं असतं तर तिला दिसलं नसतं." त्यांनी टपरीकडे पाहिलं. केतकी दोन्ही हातांत पेले धरून पैसे द्यायची खटपट करत होती. "लहानपणी तिने मला विमानतळावर पाहिलं. येताना आणि जाताना. आता पाहते ते हे असं, कुशीवर वळवायचं, बटणं लावायची. मधला माणूस तिने पाहिलाच नाही गं. एखादी गोष्ट मला नीट करता येते, एवढं तिला एकदा दिसावं, असं वाटत होतं. उतार पुढच्या हिवाळ्यातही राहील, मी राहीन की नाही माहीत नाही. म्हणजे असेन, पण असा नसेन."

केतकी चहा घेऊन आली. काकांच्या हातात पेला देताना तिने नेहमीसारखा आपला हात खाली धरला नाही. थोडा चहा सांडला. दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. तिने विचारलं, "फ्रान्समध्ये रोज असं करायचात?" आणि काका सांगायला लागले. मी दुकान उघडं टाकून आले होते, ते आठवलं आणि उठले.

ठरलेल्या दोन दिवसांऐवजी ते आठवडाभर राहिले. रोज सकाळी, मशीन फिरून गेल्यावर, गोळीच्या त्या तासाभरात दोन-तीन फेऱ्या. खिमानंदजी लांबून आम्हाला येताना बघितलं की लिफ्ट आधीच थांबवायचे. दुपारी त्याच माणसाला कोटाचं बटण लावता यायचं नाही. भूपेंद्रजी परत आल्यावर आधी माझ्यावर भडकले, मग दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला आले आणि जोडी भिंतीवरून उतरवून काकांच्या नावाने बाजूला ठेवली.

पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा आले. काका चाकाच्या खुर्चीत होते. आजार एवढा भरभर जाईल असं डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. आवाज इतका खोल गेला होता की तोंडाशी कान न्यावा लागायचा. बर्फावर जायचा प्रश्नच नव्हता. मी त्यांच्या खुर्चीसाठी दार धरून उभी होते, तर केतकी म्हणाली, "मला शिकव. तुझी ती मऊवाली जोडी दे."

मागच्या छोट्या उताराच्या पायथ्याशी आम्ही काकांची खुर्ची उन्हात ठेवली. पायांवर दोन घोंगड्या. केतकी वर जाऊन उभी राहिली. शिकवणारी मी, पण शिकवत काकाच होते. ते माझ्या कानात कुजबुजायचे आणि मी ओरडून तिला सांगायचे.

"टाचा बाहेर!" मी ओरडले.

तिच्या टाचा भलत्याच बाहेर गेल्या.

"खांदे सोड म्हणतायत! खाली बघू नकोस, समोर बघ!"

तिने समोर बघितलं, म्हणजे आमच्याकडे बघितलं, आणि तोल जाऊन धप्पदिशी बसली. एक स्की सुटून तिच्या आधी आमच्यापर्यंत पोचली. ती तशीच बर्फात पाय पसरून, टोपी डोळ्यांवर घेऊन बसून राहिली.

काकांनी बोटाने मला जवळ बोलावलं. मी कान नेला. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला.

"काय म्हणाले?" केतकी वरून ओरडली.

मी दोन्ही हात तोंडाशी धरले. "छान पडलीस, म्हणतायत!"

तिने टोपी वर सरकवली आणि बसल्या जागी जोरजोरात हसायला लागली. मग दुसरी स्की आपणच काढून खांद्यावर घेतली आणि पुन्हा वर चढायला निघाली.